आजारपणानंतर मुलांच्या कापडी खेळण्यांची स्वच्छता

ताप उतरतो, मूल पुन्हा घरभर हिंडू लागते आणि घरातली मोठी माणसे चादरी, अभ्रे, टॉवेल धुवायला काढतात. आजारपणाचे सगळे दिवस मुलाने ज्याला काखोटीला मारून ठेवले होते, ज्याच्या कानाला नाक पुसले गेले आणि ज्याचा एक पाय झोपेत चोखला गेला, तो कापडी ससा मात्र पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत तसाच पडून राहतो. तो हाती लागला की बहुधा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर तो उकळत्या पाण्यात जातो आणि त्याचे डोळे पांढुरके पडून नाक गळून येते, नाहीतर त्याच्यावर सुवासिक फवारा मारून तो परत मुलाच्या हाती दिला जातो. पहिल्या उपायाने खेळणे जाते आणि दुसऱ्याने फक्त वास बदलतो.

हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनाशी धरावी, ती म्हणजे खेळणे शस्त्रक्रियेच्या साहित्यासारखे निर्जंतुक करायचे नसून ते पुन्हा मुलाच्या गालाला लागण्याजोगे करायचे आहे. बालपणीचे बहुतेक आजार खोकल्या-शिंकण्यातून, हातांतून आणि सहवासातून पसरतात. कापडी खेळणे हा त्या साखळीतला एक दुवा असतो, आणि तोही बहुतेक वेळा फारसा बळकट नसतो. त्यामुळे साबण, भरपूर पाणी आणि आतपर्यंत कोरडे होणे एवढ्यावर बहुधा भागते. यातल्या तिसऱ्या गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, म्हणून वाळवण्याविषयी पुढे मी जरा सविस्तरच लिहिले आहे.

आजार कोणता होता, हे आधी पाहावे

सगळ्या आजारांना एकच माप लावले तर कुठे श्रम वाया जातात आणि कुठे काम अपुरे राहते. फ्लू, कोरोना आणि तान्ह्या मुलांच्या छातीत कफ भरवणारा आर. एस. व्ही. यांच्या विषाणूंवर एक स्निग्ध आवरण असते. साबणाने हे आवरण फुटते आणि विषाणू निकामी होतो. शिवाय हे विषाणू कोरड्या, सच्छिद्र कापडावर फार काळ तग धरत नाहीत. प्रयोगांमध्ये फ्लूचा विषाणू स्टील आणि प्लॅस्टिकवर २४ ते ४८ तास टिकलेला दिसला, तर कापड आणि कागदावर तो ८ ते १२ तासच टिकला, आर. एस. व्ही. तर कापडावर साधारण तासाभरातच संपतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की अशा आजारानंतर अस्वलाच्या केसाळ पोटापेक्षा त्याचे प्लॅस्टिकचे डोळे, नाक आणि बटणे यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे. ती साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने नीट चोळून पुसावीत.

उलट्या-जुलाबांचे प्रकरण मात्र वेगळे असते. नोरोव्हायरस आणि रोटाव्हायरस यांना ते स्निग्ध आवरण नसते, त्यामुळे ते चिवट असतात. नोरोव्हायरस पृष्ठभागांवर कित्येक दिवस, अनुकूल परिस्थितीत काही आठवडेही टिकू शकतो, आणि हाताला लावायच्या अल्कोहोलच्या सॅनिटायझरला तो सहसा दाद देत नाही. हात, पाय आणि तोंडात फोड आणणारा जो आजार पाळणाघरांतून फिरतो, त्याचे विषाणूही याच चिवट जातीचे असतात. या आजारांनंतर मुलाजवळचे प्रत्येक कापडी खेळणे धुवावे, पुसून भागवू नये.

घशाच्या आणि कानाच्या जिवाणूजन्य संसर्गात खेळणी निरुपद्रवी असतात, असे पूर्वी मानले जाई. अमेरिकेतील बफेलो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी एका पाळणाघरातील वस्तू तपासल्या, तेव्हा पाचपैकी चार कापडी खेळण्यांवर न्यूमोकॉकस हा जिवाणू आढळला, आणि तोही सकाळी मुले येण्याच्या आधी, म्हणजे कोणाचा हात लागून कित्येक तास उलटल्यावर. असे जिवाणू एकमेकांना धरून चिकट थर करून राहतात. हा थर नुसत्या फवाऱ्याने जात नाही, तो घासून काढावा लागतो. म्हणून खाली जिथे जिथे मी ब्रश म्हटले आहे, तिथे तो वगळू नये.

उवा आणि खरूज यांचा प्रश्न सोपा आहे, कारण या जीवांना माणसाच्या अंगाबाहेर जगता येत नाही. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते, आणि लिखांना उबण्यासाठी डोक्याजवळची ऊब लागते. खरजेचे किडे अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाहीत. अशा वेळी खेळणे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून ठेवले तरी काम होते. खरजेसाठी एक आठवडा आणि उवांसाठी दोन आठवडे ठेवावे म्हणजे मनात शंका उरत नाही.

घरात प्रतिकारशक्ती फार कमी असलेले मूल असेल, किंवा डॉक्टरांनी वेगळी सूचना दिली असेल, तर अर्थातच त्यांचे सांगणे पाळावे.

आजारपण चालू असतानाच करायची तयारी

धुण्याचे अर्धे काम आधीच हलके करता येते. मूल आजारी पडल्याचे लक्षात येताच त्याच्याजवळ एक किंवा दोनच कापडी खेळणी ठेवावीत, आणि ती पाण्यात बुडवता येण्याजोगी असावीत. बाकीची सगळी कपाटात बंद करावीत. बारा प्राण्यांचा कळप अंथरुणात असेल तर नंतर बाराही धुवावे लागतात, आणि मग कंटाळून माणूस एकही नीट धुवत नाही. ताप-खोकल्याच्या आजारात, मूल एक दिवस तापाशिवाय राहिले की खेळणी धुवायला घ्यावीत. त्याआधी धुतली तर ती पुन्हा त्याच तोंडाशी जातील. उलटी किंवा जुलाब लागलेले खेळणे मात्र त्याच क्षणी बाजूला काढावे.

लेबल आणि पोट, दोन्ही तपासावे

खेळण्याच्या शेपटीपाशी किंवा कुशीतल्या शिवणीत एक पट्टी असते. तिच्यावरच्या पाण्याच्या टबच्या चित्रात ३० किंवा ४० असा आकडा असेल, तर तेवढ्या अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यात ते यंत्रात धुता येते. आकड्याऐवजी ठिपके असतील तर एक ठिपका म्हणजे ३०, दोन म्हणजे ४०, तीन म्हणजे ५० आणि चार म्हणजे ६० अंश. टबात हात दाखवला असेल तर हातानेच धुवावे, आणि टबावर फुली असेल तर खेळणे पाण्यात बुडवू नये. त्रिकोणावर फुली असेल तर ब्लीच वापरू नये. चौकोनातले वर्तुळ ड्रायरसाठी असते आणि त्यावरची फुली म्हणजे ड्रायर चालणार नाही. आजी-आजोबांनी हाताने शिवलेल्या किंवा पट्टी कापून टाकलेल्या खेळण्याला हातानेच, कोमट पाण्यात धुवावे.

पट्टीइतकेच महत्त्वाचे असते ते पोट, आणि ते बोटांनी चाचपूनच कळते. दाबल्यावर लगेच फुगून वर येणारे भरण बहुधा पॉलिएस्टरचे असते, आणि धुण्याला ते सर्वांत सोयीचे. खरा कापूस दाबल्यावर दबलेलाच राहतो. तो पाण्याने जड होतो, त्याच्या गाठी होतात आणि वाळायला तो जीव खातो. हातात वाळूसारखे सरकणारे दाणे प्लॅस्टिकचे असतील तर फक्त गरम पाणी टाळावे. पण शेकण्यासाठीच्या खेळण्यांत कधी कधी धान्य भरलेले असते, आणि ते भिजले की फुगते, आंबते. असे खेळणे पाण्यात घालू नये. पोटात काही टणक चौकोनी लागले तर ती आवाजाची किंवा दिव्याची डबी समजावी. शिवण उघडून ती काढता आली तर उत्तम, आणि नंतर शिवण पुन्हा घट्ट घालावी. काढता येत नसेल तर ते खेळणे न धुता येणाऱ्यांच्या गटात टाकावे.

याच वेळी सगळ्या शिवणी अंगठ्याने ताणून पाहाव्यात. अर्ध्या इंचाची उसवण यंत्रातून बाहेर येताना हातभर होते, आणि मग गाळणीत पांढऱ्या भरणाचा लगदा साचतो. म्हणून सुई-दोरा आधी, पाणी नंतर.

यंत्रात धुताना

खेळणे उशीच्या जुन्या अभ्र्यात किंवा जाळीच्या पिशवीत घालून तोंड बांधावे, म्हणजे ते आपटत नाही, त्याचे केस घासले जात नाहीत आणि डोळा निखळलाच तर तो यंत्राऐवजी पिशवीत सापडतो. एकटे खेळणे घातले तर पिळण्याच्या फेरीत यंत्राचा तोल जातो, म्हणून सोबत एक-दोन टॉवेल टाकावेत, पण यंत्र गच्च भरू नये, कारण पाणी आणि साबण खेळण्याच्या आरपार फिरले पाहिजेत. लेबल परवानगी देत असेल तर ६० अंशांची फेरी निवडावी. पोटाच्या आजारानंतर तर हा आकडा मी आग्रहाने सांगेन. लेबलवर ३० किंवा ४० असेल तर सर्वांत लांब हलकी फेरी घ्यावी आणि शेवटी जास्तीची एक खळखळ द्यावी. ‘इको’ लिहिलेल्या फेरीत काही यंत्रे दाखवलेल्या तापमानापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे आजारपणाच्या धुण्यासाठी ती टाळलेली बरी.

साबण नेहमीचाच डिटर्जंट असावा, आणि त्याचे प्रमाण वाढवू नये. जास्त साबण भरणात अडकून राहतो आणि खेळणे चोखणाऱ्या मुलाच्या तोंडात जातो. सुगंधी कंडिशनर अजिबात घालू नये. त्याचा थर केसांवर बसतो आणि वाळायलाही वेळ लागतो.

हाताने धुताना

बादलीपेक्षा पसरट घमेले बरे, कारण त्यात खेळणे आडवे मावते. हाताला सोसेल इतके कोमट पाणी घेऊन त्यात डिटर्जंट पूर्ण विरघळवावा आणि मगच खेळणे सोडावे. सुरुवातीला ते तरंगते. त्याला तळाशी दाबून धरले की शिवणींतून बुडबुड्यांच्या माळा निघतात, आणि पाच-सहा वेळा दाबून सोडल्यावर पाणी करडे होऊ लागते. ते पाहून बहुतेकांना थोडी लाज वाटते, पण ती धूळ, लाळ आणि अंगाचा तेलकटपणा असतो, आणि तो निघतो आहे हेच खरे काम आहे. अर्धा तास भिजल्यावर तोंड, कान आणि पंजे, म्हणजे मूल जिथे चोखते आणि धरते तेवढे भाग, मऊ दातांच्या ब्रशने केसांच्या दिशेने घासावेत. मग पाणी बदलत राहावे, आणि दाबल्यावर फेस येणे बंद होईपर्यंत खळखळावे. चार वेळा पाणी बदलावे लागले तर ते जास्त समजू नये.

पिळे मात्र घालू नयेत. मान आणि सोंड यांच्या शिवणी पिळण्यानेच जातात. खेळणे दोन तळव्यांमध्ये दाबून पाणी काढावे, मग कोरड्या जाड टॉवेलात त्याची गुंडाळी करून तिच्यावर गुडघ्याने भार द्यावा. दुसऱ्या कोरड्या टॉवेलाने हे पुन्हा केले तर वाळण्याचा जवळजवळ एक दिवस वाचतो.

उलटी किंवा जुलाब लागले असतील तर

हे काम करताना रबरी हातमोजे घालावेत आणि शक्य असल्यास तोंडावर मास्क लावावा. खेळणे झटकू नये. झटकल्याने सूक्ष्म थेंब हवेत उडतात आणि धुणारी व्यक्तीच दुसऱ्या दिवशी आजारी पडते. घाण कागदाने उचलून लगेच टाकून द्यावी, मग गार पाण्याची धार हळूच सोडून उरलेले काढावे. सुरुवातीलाच गरम पाणी ओतले तर डाग आणि वास दोन्ही कापडात घट्ट बसतात. त्यानंतर वर सांगितल्याप्रमाणे धुवावे, मात्र घरातल्या इतर कपड्यांबरोबर नव्हे. लेबलची हरकत नसेल तर ऑक्सिजनवर चालणारी ब्लीच पूड, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, घालता येते. ती गरम पाण्यात चांगली काम करते आणि क्लोरीनच्या ब्लीचइतके रंग उडवत नाही. लोकरीवर ती वापरू नये. काम संपल्यावर घमेले किंवा मोरी धुवावी, यंत्र वापरले असेल तर एक रिकामी गरम फेरी चालवावी, आणि हात साबणाने किमान २० सेकंद धुवावेत.

क्लोरीनची ब्लीच मी रंगीत खेळण्यांवर वापरत नाही. तिची जागा फरशीवर आणि संडासात आहे. वापरायचीच झाली तर ती व्हिनेगर, अन्य कोणतेही आम्ल किंवा अमोनिया असलेले द्रव्य यांच्याशी कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. व्हिनेगर एकट्याने वास घालवतो, जंतूंवर मात्र त्याचा भरवसा धरता येत नाही.

पाण्यात घालता येत नाहीत अशी खेळणी

घट्ट फेस करून फक्त तो फेस मऊ ब्रशने वरच्या कापडावर चोळावा, ओलसर फडक्याने पुसावा, आणि कापड ओले होईल पण भरण ओले होणार नाही याकडे लक्ष ठेवावे. घरात वाफेचे यंत्र असेल तर ते उपयोगी पडते. नोरोव्हायरससाठी पृष्ठभाग ७० अंशांवर ५ मिनिटे किंवा १०० अंशांवर १ मिनिट राहावा लागतो, त्यामुळे नळी भराभर फिरवून उपयोग नाही. वितभर भागावर ती सावकाश धरून मगच पुढे सरकावे. गोंदाने चिकटवलेले डोळे वाफेने सुटतात, हे लक्षात असू द्यावे. वाफही चालत नसेल तर खेळणे पिशवीत बांधून मुलाच्या दृष्टीआड ठेवावे. फ्लूसारख्या आजारानंतर तीन-चार दिवस पुरे. पोटाच्या आजारानंतर महिनाभर ठेवावे. त्यातही उलटी आत मुरली असेल तर ते टाकून देण्याला मन घट्ट करावे.

फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवण्याचा उपाय पुष्कळ ठिकाणी सुचवला जातो. धुळीतले किडे त्याने मरतात, त्यामुळे दम्याच्या किंवा ॲलर्जीच्या मुलांसाठी तो ठीक आहे. विषाणू आणि जिवाणू मात्र गोठून मरतीलच असे नाही. प्रयोगशाळा विषाणू जपून ठेवतात त्या अतिशीत फ्रीझरमध्येच.

वाळवणे

हत्तीची एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. आमच्या घरातला हा हत्ती एका तापानंतर धुऊन दोन दिवस दोरीवर होता, हाताला खडखडीत कोरडा लागत होता, म्हणून मी तो परत देऊन टाकला. चार दिवसांनी त्याला कुबट वास येऊ लागला. सोंडेच्या मुळाशी शिवण उसवून पाहिली तेव्हा आतले भरण गार होते आणि त्यावर काळ्या ठिपक्यांची बुरशी धरली होती. जंतू घालवण्याच्या नादात मी मुलाच्या नाकाशी बुरशी नेऊन ठेवली होती.

तेव्हापासून मी खेळणे धुण्याआधी स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर ठेवते आणि आकडा लिहून ठेवते. नव्या भरणाचा तोच हत्ती पुढच्या वेळी कोरडा असताना २१० ग्रॅम होता, टॉवेलात दाबल्यानंतर ३९० झाला, आणि दोन दिवसांनी बाहेरून पूर्ण कोरडा वाटत असतानाही काटा २३५ दाखवत होता. ते २५ ग्रॅम पाणी पोटात होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो २१० वर आला, तेव्हाच दिला. काटा नसेल तर खेळणे जोरात दाबून काही क्षण ओठावर धरावे. आत ओल असेल तर गार लागते.

ड्रायर चालत असेल तर मंद आचेवर, दोन स्वच्छ चेंडू सोबत टाकून फिरवावे, म्हणजे भरणाच्या गाठी फुटतात. दोरीवर वाळवायचे असल्यास कानाला चिमटा लावून लटकवू नये, पाणी एका टोकाला उतरते आणि कान लांबतात. जाळीच्या पिशवीत किंवा जाळीच्या रॅकवर आडवे ठेवून दर तीन-चार तासांनी कूस बदलावी आणि भरण बोटांनी मोकळे करावे. ऊन चांगलेच, पण ते वरच्या कापडापुरते. त्यातली अतिनील किरणे आत पोहोचत नाहीत आणि खिडकीची काच त्यांतली बरीचशी अडवते. हवा दमट असेल तर पंख्यासमोर ठेवणे हे उन्हाची वाट पाहण्यापेक्षा भरवशाचे. एक-दोन दिवसांपलीकडे आत ओल राहिली की बुरशीला संधी मिळते, म्हणून कापसाचे जाड खेळणे असेल तर खालची शिवण उघडून, भरण बाहेर काढून वेगळे वाळवणे हाच शहाणपणा. ते वाटते तितके अवघड नाही.

परत देण्याआधी

डोळे, नाक आणि बटणे एकेक करून चिमटीत धरून ओढून पाहावीत. सैल झालेला डोळा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. केस मऊ ब्रशने विंचरावेत. मुलाचे हात धुवावेत, कारण पोटाच्या आजारानंतर बरे वाटू लागल्यावरही विषाणू दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ शौचावाटे बाहेर पडत राहू शकतात.

राहता राहिला प्रश्न मुलाचा. ज्याच्याशिवाय त्याला झोप येत नाही, ते खेळणे सकाळीच धुवायला घ्यावे आणि त्याला सांगून घ्यावे. चार-पाच वर्षांचे मूल असेल तर फेस करण्याचे काम त्यालाच द्यावे. अर्थात उलटी लागलेल्या खेळण्याच्या बाबतीत नव्हे. धुतलेल्या सशाला ‘आपला’ वास येत नाही, अशी तक्रार हमखास होते. त्यासाठी रात्री तो मुलाच्या धुतलेल्या पण घालून झालेल्या सदऱ्यात गुंडाळून द्यावा. आणि ज्या घरात एकाच प्राण्यावर सगळी झोप अवलंबून आहे, तिथे तसाच दुसरा प्राणी सुरुवातीपासून आणून ठेवावा आणि दर आठवड्याला दोघांची पाळी बदलावी, म्हणजे दोघेही सारखेच झिजतात. कपाटात नवा कोरा ठेवलेला जुळा आजारपणाच्या रात्री बाहेर काढला, तर मूल त्याला पहिल्या स्पर्शालाच ओळखते आणि बाजूला ढकलते.